शॉप फ्लोअरचं ट्रेनिंग: मोबाइलवर काय द्यायचं, हातात काय द्यायचं

कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, कारखान्यात ट्रेनिंगचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘कुठलं ॲप घ्यायचं’ इथे पोचते. ॲप नंतर बघू. आधी मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर (नाकारलेल्या मालाची नोंदवही) उघडा आणि नव्या माणसांच्या हातून वारंवार होणाऱ्या पाच चुका निवडा. ट्रेनिंग त्या पाचांचंच करायचं, बाकीचं सध्या राहू दे.

प्रत्येक चुकीसाठी अनुभवी ऑपरेटरशेजारी एक पूर्ण शिफ्ट उभं राहा. तो काय करतो ते पायरीगणिक लिहा आणि पायरीपुढे खूण करा: हाताची, नजरेची की आकड्याची. हाताची पायरी मशिनवरच शिकवायची. नजरेची पायरी चांगला आणि खराब जॉब, म्हणजे तयार केलेला पार्ट, शेजारी ठेवून शिकवायची. ब्लोहोल (वायूची पोकळी), सँड इन्क्लूजन (धातूत अडकलेली वाळू), कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याची रेघ) या कास्टिंगमधल्या दोषांचे फोटो स्क्रीनवर सारखेच दिसतात, म्हणून खराब कास्टिंगचे तुकडे कापून, नाव रंगवून फळीवर लावा. स्क्रीनचा खरा उपयोग आकड्यांच्या पायरीला.

उदाहरण सीएनसी लेथच्या वेअर ऑफसेटचं, म्हणजे टूल झिजलं की माप सुधारायला मशिनच्या कंट्रोलमध्ये भरायच्या आकड्याचं. बाहेरचा व्यास ३०.०० मिमी हवा, आला ३०.०४. एक्समध्ये, म्हणजे व्यास ठरवणाऱ्या अक्षाच्या ऑफसेटमध्ये, ०.०४ वजा करायचे. ऑफसेट पानावर आधीच -०.०६ आहे. फॅनुक कंट्रोलवर -०.०४ टाइप करून ‘प्लस इनपुट’ दाबलं तर बेरीज होऊन -०.१० होतं, आणि ते बरोबर. नवा मुलगा नुसतं ‘इनपुट’ दाबतो. जुना आकडा पुसला जातो, -०.०४ राहतो आणि पुढचा जॉब ३०.०६ येतो. ‘कमी केलं तरी वाढलं कसं?’ म्हणून तो बुचकळ्यात पडतो आणि घाईत पुन्हा आकडे बदलतो. दुसरी चूक, एक्सचा आकडा त्रिज्येत नाही, व्यासात आहे हे विसरून निम्मा आकडा, म्हणजे ०.०२ देणं. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा कट घेता येतो. बोअर (आतलं भोक) मोठा झाला की जॉब भंगारात.

हे चालू मशिनवर शिकवायचं म्हणजे इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) आणि जॉब दोन्ही पणाला. इथे सिम्युलेटर, नाहीतर साधी एक्सेल शीट चालते: मापलेला व्यास, आत्ताचा ऑफसेट, दाबायची की, आणि पुढचा जॉब किती येईल याचं उत्तर. अशी वीस गणितं सोडवून घ्या, त्यात बोअरची निम्मी ठेवा. मग मशिनवर पहिले तीन जॉब त्याच्या हातून, शेजारी सेटर (मशिन लावून देणारा) उभा.

शिकणाऱ्यांची माहिती फॉर्मवर विचारू नका. फॉर्मवर सगळ्यांना सगळं येतं. वर्क इन्स्ट्रक्शनचा एक कागद हातात द्या आणि ‘यातलं तिसरं काम करून दाखव’ म्हणा. मराठी वाचता येतं का, की हिंदी लागेल, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कळतो का, हे दहा मिनिटांत उघड होतं. ‘समजलं का?’ या प्रश्नाचं उत्तर कायम ‘हो साहेब’ असतं, तेव्हा तो प्रश्नच सोडा. फोनचंही तसंच: कुणाच्या फोनमध्ये जागा नाही, कुणाचा फोन घरात तिघांत मिळून. कंपनीचा एक टॅब क्वालिटी टेबलावर साखळीने बांधून ठेवला तर बहुतेक अडचणी मिटतात.

व्हिडिओ करायचाच असेल तर एका कृतीचा, दीड मिनिटाच्या आतला. कॅमेरा ऑपरेटरच्या खांद्यामागून. समोरून घेतला तर डावं-उजवं उलटं होतं. शॉपमध्ये आवाज ऐकूच येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत मराठी ओळी द्या, हिंदी वेगळ्या प्रतीत. क्यूआर कोड कूलंट उडणार नाही अशा बाजूला लावा, आणि व्हिडिओच्या पहिल्याच चौकटीत तारीख आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर. फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) बदललं आणि व्हिडिओ जुनाच राहिला, तर तो नसलेला बरा.

फाउंड्रीत मात्र हात आखडता घ्या. ओतकामाजवळ मोबाइल नकोच. ओल्या लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) वितळलेलं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो, तेव्हा माणसाचं सगळं लक्ष तिथेच हवं. लॅडल तापवून कोरडी करणं फर्नेसजवळ उभं राहूनच शिकवा. ग्रीन सँडसाठी, म्हणजे साचे करायच्या ओलसर वाळूसाठी, तर ॲपची गरजच नाही. नव्या माणसाने मूठ दाबून सँडमधला ओलावा किती टक्के ते सांगायचं, लगेच लॅबमध्ये मोजायचं, दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहायचे. ओलावा बहुतेक ठिकाणी ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास राखतात. तुमच्या सँडची मर्यादा लॅबकडून घ्या. जास्त झाला तर ब्लोहोल, कमी झाला तर मोल्डच्या कडा ढासळतात. रोज पाच नमुने केले की अंदाज आणि मोजमाप जवळ येताना वहीतच दिसतं.

शिकवताना जुनी चार पायऱ्यांची पद्धत अजून चालते. १९४० च्या दशकात अमेरिकेत युद्धकाळात कारखान्यांसाठी तीच वापरली: तयारी, दाखवणं, करून घेणं, मागे लक्ष ठेवणं. घाईत तिसरी उरकली जाते आणि चौथी कुणीच करत नाही. करून घेताना माणसाने काय करतोय आणि का करतोय हे तोंडाने बोललंच पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तीनच प्रश्न विचारा. हे प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवायला हरकत नाही.

हिशोब कशाचा ठेवायचा? ‘कोर्स पूर्ण: शंभर टक्के’ हा आकडा ऑडिटला छान दिसतो, पण त्यावरून माणूस शिकला की नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत गेला ते कळत नाही. त्या पाच चुकांचं रिजेक्शन दर महिन्याला त्याच रजिस्टरमधून काढा. चाळीस-पन्नास माणसांच्या युनिटला महागडं एलएमएस (ट्रेनिंगची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही. भिंतीवर स्किल मॅट्रिक्स पुरतं, म्हणजे कुणाला कुठलं काम येतं याचा तक्ता. प्रत्येक चौकटीत चार भाग: पाहिलं, मदतीने केलं, एकट्याने केलं, दुसऱ्याला शिकवलं. भाग रंगवायचा अधिकार एचआरला नको, त्या लाइनच्या सुपरवायझरला द्या, आणि रंगवल्याची तारीख शेजारी लिहायला लावा.