शाळकरी खेळाडूला जाहिरात मिळाली तर: सही करण्याआधी

नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर धावणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला कॉलेज रोडवरचा दुकानदार बूट आणि रीलमागे पाच हजार रुपये देतोय, असं समजा. त्याला होकार कळवण्याआधी मुख्याध्यापकांना अर्ज द्या. वस्तू कोणती, चित्रीकरण कधी आणि कुठे, मोबदला किती, शाळेचं काही दिसणार का, हे त्यात स्पष्ट लिहा. परवानगी लेखी आणि शिक्क्यासह घ्या; मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगीला कुणी विचारत नाही.

वाद बहुतेक गणवेशावरून होतो. चेहरा आणि नाव मुलीचं. बोधचिन्ह, गणवेश, शाळेचं नाव शाळेचं. म्हणून चित्रीकरण साध्या टी-शर्टमध्ये करा. पाठीमागे शाळेची पाटी नको, छातीवर शालेय स्पर्धेचा क्रमांकही नको. जुने विजयाचे फोटो वापरायचे असतील तर त्यांची परवानगी वेगळी मागा.

आता करार. १८७२च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार ग्राह्य नाही, त्यामुळे सही आई किंवा वडिलांची. मुदत सहा महिने पुरे. फोटो ‘कायमस्वरूपी’ वापरण्याचं कलम खोडायलाच लावा, नाहीतर ती मोठी झाल्यावरही तोच चेहरा फुकटात वापरला जाईल. दुसऱ्या ब्रँडवर बंदी असेल तर ती फक्त बुटांपुरती. ‘क्रीडासाहित्य’ असा शब्द असेल तर उद्या साधी पाण्याची बाटलीही अडेल. दुखापत झाली तर काय, हे लिहून घ्या. दहावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चित्रीकरण नको. स्पर्धेत त्यांचाच पोशाख घालण्याचं वचन तर अजिबात देऊ नका, कारण तिथला नियम आयोजकांचा असतो.

रीलवर सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं ठळक दिसलं पाहिजे, हॅशटॅगच्या गर्दीत नव्हे. पैसे न घेता नुसते बूट मिळाले तरी हे लागू आहे.

पैसे मुलीच्या बँक खात्यात घ्या आणि तिचं पॅन काढा. स्वतःच्या कौशल्यातून मिळालेली कमाई आयकरात तिचीच धरली जाते, पालकांच्या उत्पन्नात मिळवली जात नाही. मात्र त्या पैशांच्या ठेवीवरचं व्याज पालकांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते.

मूल चौदा वर्षांखालचं असेल तर नियम कडक आहेत. चित्रीकरणासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जाते.

प्रोटीन पावडर किंवा ‘स्टॅमिना’च्या गोळ्यांची जाहिरात आली तर सरळ नकार द्या. जाहिरातीसाठी मिळालेला डबा घरात येतो आणि मूल तो खातंही. त्यात बंदी असलेलं द्रव्य निघालं तर उत्तेजक चाचणीत जबाबदार खेळाडूच ठरतो, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.