खोड वाळले तरी झाड उपटू नका: फुटव्यातून झाड पुन्हा कसे उभे करावे

उन्हाळ्यात बांध पेटवायची सवय खानदेशात अजून गेलेली नाही. धसकटांबरोबर बांधावरचे बोर नाहीतर आंबाही बुंध्याशी होरपळतो, पाने झडतात आणि घरात कुऱ्हाडीची शोधाशोध सुरू होते. जरा थांबा. वरचे खोड मेले तरी मुळे बहुधा जिवंत असतात, आणि जुन्या मुळांवरचा फुटवा नव्या रोपाच्या कितीतरी पुढे पळतो.

आधी जीव कुठे आहे ते शोधा. चाकूच्या टोकाने साल खरवडत वरून खाली या. हिरवी ओल लागली की तिथपर्यंत झाड जिवंत. जमिनीपर्यंत सगळे तपकिरी, कोरडे निघाले तर वीतभर माती उकरून एखादे जाड मूळ खरवडा. मुळाला कुजट वास असेल, साल बोटाने निसटत असेल, तर नाद सोडा. नारळ आणि ताडाचा शेंडा मेला की विषय संपतो. बोर, कडुनिंब, चिंच, जांभूळ, पेरू, शेवगा सहसा दगा देत नाहीत.

पावसाळ्यापर्यंत आळ्यात अधूनमधून बेताचेच पाणी द्या. पाने नसलेल्या झाडाला तहान कमी असते, आणि काळ्या जमिनीत पाणी साचले तर उरलेली मुळेही कुजतात. खत आत्ता नको.

फुटवे दिसले की मेलेले खोड त्यांच्या थोडे वर करवतीने तिरपे कापा. उतार फुटव्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, म्हणजे पाणी त्याच्या बगलेत मुरणार नाही. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप लावा. एका झाडाला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी पुरते. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको.

आता खरी मेख. झाड कलमी असेल तर फुटवा कलमाच्या जोडाच्या वरून आला की खालून, हे बसून नीट पाहा. खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचा. जळगावकडच्या मेहरूणच्या बोराचे कलम लावले असेल आणि फूट जोडाखालची असेल, तर हाती येतील ती रानबोरे. म्हणून तो फुटवा फेकू मात्र नका. पेन्सिलीएवढा जाड झाला की पावसाळ्यात त्यावर मेहरूणचा डोळा भरून घ्या, म्हणजे मेहरूणच्या फांदीवरची कळी त्याच्या सालीत बसवून घ्या. जाणता माणूस तासाभरात करून देतो. केशर आंब्याचेही तसेच, खालून येईल तो गावरान. ज्याला गावरान आंब्याचा रस आवडतो त्याने कलमाच्या भानगडीत पडूच नये. कागदी लिंबू बियांपासून लावलेले असेल तर काळजी नाही, कुठूनही फुटले तरी लिंबू तेच.

केळीच्या पिलबागेत एकच पील राखून बाकीची लगेच छाटतात, तशी घाई इथे करू नका. पहिल्या पावसाळ्यात चार-पाच फुटवे राहू द्या, त्यांची पानेच मुळांना पोसतात. दिवाळीनंतर दोन-तीन ठेवा, पुढच्या पावसाळ्यात एक. तो शक्यतो जमिनीलगतचा निवडा. उंचावरून फुटलेला जुन्या कुजक्या लाकडावर टेकलेला असतो आणि वजन वाढले की फाटून पडतो. पश्चिमेकडचा मिळाला तर उत्तम, कारण पावसाळी वारा त्याला बुंध्यावर दाबतो, उचकटत नाही.

बांबू रोवून सुतळीने सैल बांधा. उन्हाळ्यात केळीच्या वाळक्या पानांचे आच्छादन घाला, पण बुंध्यापासून हातभर लांब, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढेल.

कोवळ्या फुटव्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शेळी. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण करा, आणि राखलेल्या फुटव्याचा शेंडा शेळीच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत जोडीचा एखादा फुटवा तसाच असू द्या.