लाखभर व्ह्यूज आले, पण नाव झालं नाही? गोव्यातल्या क्रिएटरांनो, या चुका टाळा

पेडण्यापासून काणकोणपर्यंत आज असं गाव सापडणार नाही, जिथं कुणी ना कुणी रील करत नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. त्या एका पावसाळ्यात सगळं चित्र पालटलं. गावातल्या पोराला नाटकात काम मिळायची किंवा पेपरात फोटो यायची वाट बघावी लागेना. पण आता दुसरीच तक्रार कानावर येते: ‘रील चालते हो, पण मला कोण ओळखत नाही.’ ही तक्रार रास्त आहे. तिच्या मुळाशी ज्या चुका आहेत, त्या बहुतेक वेळा सुधारता येण्यासारख्या असतात.

ठिकाणाच्या जिवावर नाव काढायला जाणं

गोव्यात ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण इथं कॅमेरा कुठंही लावला तरी फ्रेम सुंदर येते. पर्र्यातला दोन्ही बाजूंना माड असलेला रस्ता घ्या. बघणारा ती रील सेव्ह करतो, डिसेंबरच्या ट्रिपच्या यादीत टाकतो आणि कुणी केली ते बघतसुद्धा नाही. व्ह्यूज रस्त्याला मिळाले, तुम्हाला नाही. गावाला त्रास होतो तो वेगळाच. तिथलं शूटिंग इतकं वाढलं, की २०१९ मध्ये पंचायतीने फोटो आणि व्हिडिओसाठी पैसे आकारायचं ठरवलं आणि त्यावरून राज्यभर वाद झाला.

याच पर्र्याची दुसरी एक गोष्ट वर्षानुवर्षं मोबाइलवर फिरते आहे. मनोहर पर्रीकर आपल्या गावच्या कलिंगडांबद्दल सांगायचे. शेतकरी मुलांना बोलावून पोटभर कलिंगडं खायला घालायचे, अट एकच: बी चावायची नाही. त्यासाठी मळ्यातली सगळ्यात मोठी फळं कापायची, कारण पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातूनच मिळायचं. पुढच्या पिढीने मोठी फळं बाजारात नेली, मुलांना लहान दिली आणि वर्षागणिक कलिंगड लहान होत गेलं. या गोष्टीला ड्रोन लागला नाही, ट्रेंडिंग ऑडिओ लागला नाही. ती चालते, कारण सांगणाऱ्याला ते गाव आतून ठाऊक होतं.

म्हणून शूट करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: दिल्लीहून आलेला माणूस असाच फोन घेऊन इथं उभा राहिला, तर त्याला जे सांगता येणार नाही ते माझ्याकडे काय आहे? काहीच सुचत नसेल तर त्या दिवशी नुसती माहिती गोळा करा. सुचत असेल तर ते तोंडाने सांगा, स्वतःच्या आवाजात. चेहरा आणि आवाज नसलेल्या पेजला व्ह्यूज मिळतात, ओळख मिळत नाही.

पहिली पाच सेकंदं वाया घालवणं

सत्तरीतल्या एका मुलीने माटोळीवर, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या आराशीवर, रील केली होती. तिच्यासोबत बसून इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समधला, लोक रील कुठवर बघत राहिले ते दाखवणारा आलेख बघितला. सुरुवातीला घराचा लांबून शॉट, मग पेजचं नाव, मग ‘नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत’. इथपर्यंत रेषा धाडकन खाली. पुढे जिथं तिची आजी घागऱ्यो (माटोळीत लागणारं एक रानफळ) बांधता बांधता सांगते, की हे रानात कुठल्या बाजूला मिळतात आणि यंदा कमी का मिळाले, तिथं रेषा आडवी सरळ चालली होती. म्हणजे जे उरले होते, ते आजीला सोडून जायला तयार नव्हते. उपाय तिथल्या तिथे ठरला: आजीच्या वाक्याने सुरुवात, त्यानंतर आंबाडे, कांगलां, चिबूड आणि सुपारीचे घोस जवळून, घर शेवटी.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्पष्टच सांगितलं, की रील किती वेळ बघितली गेली, पोचलेल्यांपैकी कितींनी लाइक केली आणि कितींनी ती दुसऱ्याला पाठवली, या तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन आहे. जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला पाठवणं जास्त कामाचं, तर ओळखीच्या प्रेक्षकांत लाइक. आपल्याकडे ही पाठवापाठवी कशी होते ते आठवा. मडगावची बहीण दुबईतल्या भावाला पाठवते, फोंड्याची मावशी मुंबईच्या भाच्याला. त्यामुळे ‘ही रील कोण कुणाला पाठवील आणि सोबत काय लिहील?’ हा प्रश्न कुठल्याही हॅशटॅगपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भाषेचंही इथंच सांगून टाकतो. पोच वाढावी म्हणून अनेकजण हिंदीत बोलू लागतात, नाहीतर पुण्याचा सूर उसना आणतात. दोन्ही लगेच कळतं. डिचोलीचा माणूस जशी मराठी बोलतो तशीच बोला, मध्ये कोकणी आली तर येऊ द्या आणि खाली सबटायटल द्या. सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूरच्या माणसाला ते सहज समजतं आणि आवडतंही.

फॉलोअर विकत घेणं

यावर जास्त लिहायची गरज नाही. विकतचा फॉलोअर रील बघत नाही, पाठवत नाही आणि तुमचाच सरासरी प्रतिसाद खाली ओढतो. एकमेकांना कॉमेंट टाकणारे ग्रुपही तेच करतात. ब्रँडवाले आता फॉलोअरचा आकडा नंतर बघतात, आधी कॉमेंट वाचतात. शंभर हार्टपेक्षा ‘हे फोंड्यात कुठं मिळेल?’ असा एक प्रश्न त्यांना जास्त पटतो. घेतलेले असतील तर हळूहळू काढून टाका.

सण आणि माणसं नुसता माल समजणं

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथं. लाखो लोकांच्या मनातला गोवा आज पुस्तकांतून तयार होत नाही, तो रील्समधून होतो. तुम्ही ज्याला जे म्हणाल, तेच त्याचं नाव होऊन बसतं.

माशेलचा चिखलकालो बघा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर तो होतो. आदल्या दिवसापासून भजन चाललेलं असतं. मग अंगाला तेल लावून लहानथोर चिखलात उतरतात, चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर असे खेळ खेळतात, शेवटी दहीहंडी. कृष्णाने सवंगड्यांबरोबर केलेल्या खेळांची ही आठवण. त्यावर ढोलाचा रिमिक्स चढवून ‘गोव्याची मड पार्टी’ असं लिहिलं, की पुढच्या वर्षी तशाच अपेक्षेने लोक येतात. मग देवस्थानचे लोक कॅमेऱ्याला हरकत घेतात आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्यालाही आत सोडत नाहीत. नुकसान सगळ्यांचंच होतं.

करायचं काय? आदल्या दिवशी जा. देवस्थानच्या माणसांना भेटा, कुठं उभं राहायचं आणि काय टिपायचं नाही ते विचारा. भजनाचा मूळ आवाज ठेवा. सणाचं नाव तिथले लोक घेतात तेच लिहा. रील टाकण्याआधी गावातल्या एखाद्या जाणत्याला दाखवली तर निम्म्या चुका तिथंच निघतात.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) वाजवून म्हटलेल्या आरतीच्या रील्स खूप चालतात आणि चालाव्यातही. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण ‘अस्सल घोरपडीच्या कातड्याचं घुमट’ असं कौतुकाने सांगू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि आता घुमटाला बकऱ्याचं कातडं वापरतात. तुमच्या एका वाक्याने ज्यांचं घुमट दाखवलं त्या घरावर संकट येऊ शकतं. घुमट बनवणाऱ्या कुंभाराचे हात दाखवा, ते कुणी दाखवत नाही.

माणसांचंही तसंच. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये घरांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या, कारण लोक राहत्या घराच्या पायऱ्यांवर बसून कपडे बदलबदलून पोझ देत होते. त्या रंगीत खिडकीमागे कुणीतरी आजारी असू शकतं, कुणाचं मूल झोपलेलं असू शकतं. जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्याने सूचना काढली, की परवानगीशिवाय इतर पर्यटकांचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्यांचे किंवा किनाऱ्यावर पहुडलेल्यांचे फोटो, सेल्फी घेऊ नयेत. ही सूचना पर्यटकांसाठी होती, पण आपण तिची आठवण ठेवलेली बरी. बाजारात मासे विकणारी बाई असो वा सायकलवरून पाव विकणारा पोदेर, आधी विचारा, मग कॅमेरा काढा. ‘नको’ म्हणाली तर तिथंच थांबा.

पैसे घेऊन गप्प राहणं

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी टीव्ही-रेडिओच्या निवेदकांविषयी एक गोष्ट मांडली होती: प्रेक्षकाला ते आपल्या ओळखीचे, जवळचे वाटू लागतात, जरी त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नसलं तरी. मोबाइलवर हे नातं आणखी घट्ट होतं, कारण इथं तुम्ही कॉमेंटला उत्तरही देता. इन्फ्लुएन्सरची सगळी ताकद या जवळिकीत आहे. म्हणून लपवलेली जाहिरात उघडी पडली, की माणसाला घरच्याने फसवल्यासारखं वाटतं.

‘मी कुठं पैसे घेतले, नुसतं दोन रात्री राहिलो’ हे उत्तर चालत नाही. फुकटचं राहणं, जेवण, वस्तू, प्रवास, सगळंच त्यात येतं. जाहिरात मानक परिषदेचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं काढली. व्यवहारात एवढं लक्षात ठेवा: जाहिरात ज्या भाषेत, लेबल त्याच भाषेत, कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत आणि व्हिडिओवरही. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल निदान ३ सेकंद दिसायला हवं. १५ सेकंदांच्या वर पण दोन मिनिटांच्या आत असेल तर एकतृतीयांश वेळ. त्याहून मोठ्या व्हिडिओत जाहिरातीचा भाग चालू असेपर्यंत. लाइव्ह असेल तर सुरुवातीला आणि शेवटी तोंडाने सांगायचं. हॅशटॅगांच्या ढिगाऱ्यात लपवलेलं लेबल धरलं जात नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय जाहिराती करण्यावर बंदी.

कराचंही बघा. एका कंपनीकडून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. फुकट मिळालेला फोनही उत्पन्नात मोजला जातो. हिशेबाची वही पहिल्या बार्टरपासून, म्हणजे पैशांऐवजी वस्तू घेऊन केलेल्या पहिल्या कामापासून, ठेवा.

बेटिंग आणि पैशांच्या ऑनलाइन गेम्सच्या ऑफर छोट्या क्रिएटरांना सर्वांत आधी येतात, आणि पैसेही तेच जास्त देतात. सरळ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तुमच्या गावातला अकरावीचा पोरगा तुमच्या शब्दावर बापाच्या खात्यातले पैसे लावतो, हे आकड्यांपलीकडचं आहे.

जिवाशी आणि कायद्याशी खेळ

पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून चालत जाणं धोक्याचं आहेच, शिवाय तो रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीजवळच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वनखात्याने धबधब्यांवर जायला बंदी घातली. बंद असलेल्या जागेचा जुना व्हिडिओ पुन्हा टाकत असाल, तर तारीख आणि ‘सध्या बंद’ हे स्पष्ट लिहा. लोक रील बघून निघतात. किनाऱ्यावर गाडी घालू नका, पोलीस रील बघूनच नंबर काढतात. ड्रोन हलका आहे म्हणून कुठंही उडवता येतो, हा गैरसमज आहे. दाबोळीला नौदलाचं आयएनएस हंसा आहे, उत्तरेला मोपाचा विमानतळ. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर त्या जागेचा झोन बघा. रेड आणि यलो झोनमध्ये परवानगी लागतेच.

व्ह्यूज पडले म्हणून घाबरून सगळं पुसून टाकणं

एकदम उतार लागला, की बरेचजण जुन्या रील्स डिलीट करतात, नाव बदलतात, दिवसाला पाच पोस्ट टाकतात. आधी कारण शोधा. सेटिंग्जमध्ये अकाउंट स्टेटस उघडा. एखादी पोस्ट काढली गेली असेल किंवा शिफारशीतून वगळली असेल तर तिथं दिसतं आणि तिथूनच अपीलही करता येतं. दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून टाकत असाल तर थांबवा: एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं, की मूळ नसलेला मजकूर वारंवार टाकणारी खाती शिफारशीत दाखवली जाणार नाहीत. बिझनेस अकाउंटवर सिनेमाचं गाणं लावून जाहिरात केली असेल तर आवाज बंद होऊ शकतो. कामाच्या रीलसाठी परवाना असलेलंच संगीत घ्या.

यातलं काही नसेल तर महिना बघा. जूनमध्ये किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी हॉटेलं) मोडून ठेवतात, पर्यटक कमी होतात आणि ‘कुठं राहायचं, काय खायचं’ या रील्सचे व्ह्यूज आपसूक घसरतात. त्यात तुमचा दोष नाही. पावसाच्या याच महिन्यांत सांजाव (सेंट जॉनचा सण), चिखलकालो, चवथ येतात आणि बाहेरगावी राहणारा गोंयकार घरच्या आठवणीने फोन उघडतो. नवं काही करून बघायचं असेल तर ट्रायल रीलची सोय वापरा, ती आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवली जाते.

आणि या घाबरलेल्या दिवसांतच ‘कॉपीराइट भंग झाला, २४ तासांत खातं बंद होईल, या लिंकवर लॉगिन करा’ असा मेसेज येतो. तो इन्स्टाग्रामचा नसतो. लिंक उघडू नका. खरी सूचना असेल तर ती अॅपमधल्या अकाउंट स्टेटसमध्येच दिसेल. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डनंतर वेगळा कोड मागणारी सोय) आजच चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून घरात ठेवा. पासवर्ड दिलाच असेल तर लगेच बदला, अनोळखी डिव्हाइस लॉगआउट करा, खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर आपलाच आहे ना ते तपासा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायला उशीर करू नका.