पळायचे शूज घेताना या चुका टाळा (खास बायकांसाठी)

पावसाळा सरत आला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीला जोर येतो आणि पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नव्या जणी दिसू लागतात. महिना-दीड महिना झाला की तक्रारी सुरू होतात, आणि त्या दरवर्षी त्याच असतात. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, टाच सोलवटली, करंगळीला फोड आला, नडगी ठणकते. त्याहून वाईट वाटतं ते त्यापुढचं वाक्य ऐकून: "माझं वजनच जास्त आहे हो", "आता चाळिशीत काय पळणार", "मला नाही झेपत हे". पायातला बूट मात्र कोणी काढून बघत नाही. बघितला तर पुष्कळदा कारण तिथेच सापडतं. बूट अर्धा नंबर लहान असतो, नाहीतर चवड्याला अरुंद, नाहीतर झिजून कधीचाच संपलेला. स्वतःच्या शरीराला बोल लावण्याआधी बूट तपासा, एवढं प्रत्येकीला कळकळीने सांगावंसं वाटतं.

चपलेचा नंबर सांगून मोकळं होणं

"पाच नंबर दाखवा" असं दुकानात शिरताशिरता सांगायची आपल्याला सवय असते. हा नंबर चपलेचा किंवा बेलीचा असतो. चपलेत बोटं मोकळी असतात, बेली मुद्दामच पायाला चापून बसेल अशी घेतलेली असते. पळताना पाय प्रत्येक पावलाला थोडा पुढे सरकतो, आणि अर्धापाऊण तास पळाल्यावर फुगतोही. म्हणून सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवीच. कित्येकींचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. त्यांनी जागा त्या बोटापुढे मोजायची.

माप घरी घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे वाढलेले असतात. भिंतीलगत जमिनीवर कागद ठेवून त्यावर उभं राहा, टाच भिंतीला टेकवा आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीने खूण करायला घरातल्या कोणाला तरी सांगा. स्वतः वाकलात की वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पायांचं माप घ्या. दोन्ही क्वचितच सारखे असतात. जो मोठा, त्याच्या मापाने खरेदी.

आता हे सेंटीमीटर बुटाच्या जिभेवरच्या लेबलशी ताडून बघा. तिथे यूके, यूएस, ईयू असे आकडे असतात आणि बहुतेकदा सेमी किंवा जेपी (जपानी माप) असा एक आकडाही असतो. तो पायाच्या लांबीचा असतो आणि बाकीच्यांपेक्षा कमी फसवतो. पाय 24 सेंटीमीटरचा असेल तर 24.5 आणि 25 असे दोन्ही जोड मागवून घालून बघा. यूकेचा एक पूर्ण नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे चार. चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण नख काळं पडायला तेवढे पुरतात.

अमेरिकेतल्या बहिणीकडून किंवा नणंदेकडून शूज मागवणाऱ्यांनी इथे जास्तच सांभाळावं. तिथला बायकांचा 8 नंबर म्हणजे आपल्याकडचा, यूकेच्या मापाचा 8 नव्हे. कंपनीनुसार तो यूकेचा साडेपाच ते साडेसहा भरतो. परत पाठवायची सोय नसते, त्यामुळे नंबर न कळवता सेंटीमीटर कळवा.

लांबी बघितली, रुंदी बघितलीच नाही

बहुतेक जणी अडकतात त्या इथे. बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची छोटी आवृत्ती नाही. लांबी सारखी असली तरी बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती 1984 साली, लॉस एंजेलिसला. त्याच्या आधी आणि नंतरही बराच काळ पुरुषांचा बूट लहान करून, रंग बदलून बायकांच्या फळीवर ठेवला जात होता. आता अनेक कंपन्या बायकांसाठी वेगळा साचा वापरतात, पण तो साचा आपल्या पायाशी जुळेलच असं नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जणींचं बालपण अनवाणी किंवा चपलांमध्ये गेलेलं असतं. बोटं मोकळी पसरलेली, चवडा ऐसपैस. बेल्जियमच्या संशोधकांनी 2009 साली दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या पायांची मापं प्रसिद्ध केली. नेहमी पादत्राणं घालणाऱ्यांपेक्षा त्यांचे पाय पुढून रुंद होते आणि तळव्यावरचा भार जास्त समान वाटला जात होता. म्हणजे रुंद चवडा हा दोष नाही, उलट चांगलाच पाय आहे तो. बूट अरुंद आहे.

बायकांच्या बुटाची नेहमीची रुंदी बी या अक्षराने दाखवतात आणि पुरुषांची डी ने. बायकांच्या बुटात डी म्हणजे रुंद. आपल्याकडच्या दुकानांत रुंद जोड फळीवर मांडलेले नसतात बहुधा, मागावे लागतात. नाहीच मिळाले तर पुरुषांचा जोड बिनदिक्कत घाला. यूकेचा नंबर दोघांना जवळपास सारखाच असतो. अमेरिकन नंबर असेल तर दीड कमी करायचा, बायकांचा 8 म्हणजे पुरुषांचा साडेसहा. अडचण एवढीच की पुरुषांचे जोड बऱ्याच ठिकाणी 6 नंबरपासूनच पुढे ठेवतात.

रुंदी तपासायची सोपी रीत अशी. बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभ्या राहा. चवडा किंवा करंगळी कडेच्या बाहेर सांडत असेल तर तो जोड परत करा. "वापरून सैल होईल" असं विक्रेता म्हणेल. कोल्हापुरी चपलेचं चामडं सैल होतं, पळायच्या बुटाचा साचा होत नाही.

आणि जोडवी. यावर कोणी बोलत नाही, पण आमच्या ग्रुपमधल्या एका शिक्षिकेच्या तिसऱ्या बोटाला आतल्या बाजूने सारखा फोड येत होता. तिने मोजे बदलले, पावडर लावून पाहिली, लेस सैल केल्या. एकदा पळून आल्यावर मोजा काढला तेव्हा दिसलं की दुसऱ्या बोटातल्या जोडव्याचा वेढा फुगलेल्या बोटात रुतला होता आणि त्याची कड शेजारच्या बोटावर घासत होती. फोडाच्या जागी त्या कडेचा ठसा सरळ दिसत होता. जोडवी काढून पळायला तुमची हरकत नसेल तर लांब पल्ल्याच्या दिवशी काढून ठेवा. काढायची नसतील तर नक्षी किंवा घुंगरू नसलेली, सपाट आणि थोडी सैल घाला, त्यांवर प्रत्येक बोट वेगळं राहील असे मोजे चढवा आणि शूज घेताना ती पायात असू द्या. विरोल्या-मासोळ्याही घालत असाल तर पुढची जागा आणखी मोकळी लागेल.

दुकानात दोन पावलं टाकून ठरवणं

मऊ फोमवर उभं राहिलं की कोणताही बूट छानच वाटतो. उभं राहून काही कळत नाही, पळून बघा. दुकानाच्या दारापर्यंत का होईना, चार-पाच फेऱ्या पळा. पळताना वापरता तेच मोजे घरून घेऊन जा. सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. साडी किंवा कुर्ता अंगावर आहे म्हणून दुकानात पळायला संकोच वाटत असेल तर ट्रॅक पँट घालूनच जा. बरोबर आलेल्यांची घाई असेल तर त्या दिवशी नुसतं बघून या.

"तुमचा पाय सपाट आहे" हे ऐकून महागडा आधार घेणं

ओल्या पायाचा ठसा बघून किंवा यंत्रावर उभं करून विक्रेते सांगतात की तुमची कमान खाली आहे, पाय आत वळतो, तुम्हाला भक्कम आधाराचा बूटच लागेल. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या 81 बायकांना तीन प्रकारचे शूज वाटले होते: साधे, मध्यम आधाराचे आणि पाय वळू नये म्हणून कडक बनवलेले. 13 आठवड्यांत दुखणी जास्त निघाली ती कडक बुटांच्या गटात. ज्यांचे पाय खरोखर आत वळत होते, त्या बायकाही याला अपवाद नव्हत्या. अभ्यास लहान होता, पण अमेरिकन सैन्यात मोठ्या संख्येने केलेल्या चाचण्यांतही कमानीवरून बूट वाटल्याने दुखापती कमी झाल्या नव्हत्या. फिजिओथेरपिस्टने तुमचं पळणं नीट बघून काही सांगितलं असेल तर ते ऐका. नाहीतर साधा बूट घ्या, जो पायाला पहिल्या मिनिटापासून बरा वाटेल.

तळात कार्बनची पट्टी बसवलेल्या शूजबद्दल दोनच वाक्यं. ते शर्यतीत वेगाने पळणाऱ्यांसाठी आहेत. पहिल्या पाच किलोमीटरच्या तयारीला लागणाऱ्या बाईने त्यावर पैसे घालवू नयेत, आणि उंच मऊ तळावर घोटा मुरगळण्याची जोखीमही घेऊ नये.

बाळंतपणानंतर जुनाच जोड

आयोवा विद्यापीठातल्या 2013 सालच्या अभ्यासात 49 बायकांचे पाय गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजले. 60 ते 70 टक्के जणींचा पाय लांबीला किंवा रुंदीला वाढला होता आणि कमान थोडी खाली आली होती. पहिल्या बाळंतपणात हा फरक जास्त पडतो आणि तो पुढेही टिकून राहू शकतो. तरीही बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा पळायला निघालेली बाई कपाटातला जुना जोड काढते, कारण तो "अजून नवाकोरा" असतो. तो दुसऱ्या कोणाला देऊन टाका आणि पाय पुन्हा मोजा. रजोनिवृत्तीच्या आसपास, किंवा वजनात मोठा फरक पडल्यावरही असंच मोजून बघावं.

दुखतंय कुठे, त्यावरून बूट ओळखा

नख काळं पडत असेल तर बूट लहान आहे, किंवा लेस सैल असल्याने पाय पुढे आदळतो आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचं असतं. चढताना तक्रार नसते, उतारावर नखं जातात. नखं आधी बारीक कापा आणि टाच जखडणारी गाठ शिका. बुटाच्या सर्वांत वरच्या टोकाला थोडं मागे एक जादा भोक असतं, ज्यात बहुतेक जण लेस ओवतच नाहीत. लेस बाहेरून त्या भोकात घाला, पण पूर्ण ओढू नका, खालच्या भोकासह एक छोटा फास उरू द्या. दोन्ही बाजूंना असे फास झाले की उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओवा, खाली ओढून घट्ट करा आणि नेहमीसारखी गाठ मारा. अरुंद टाच आणि रुंद चवडा असणाऱ्या बाईचे अर्धे प्रश्न या गाठीने सुटतात. टाच सोलवटण्याचं कारणही बहुतेकदा हीच हलणारी टाच असते.

बोटं बधिर होत असतील किंवा पावलाच्या वरच्या बाजूला दुखत असेल तर लेस फार आवळलेली आहे. दुखऱ्या जागेवरची फुली सोडून द्या, तिथे लेस सरळ वर न्या.

पोटरी किंवा टाचेमागची शीर धरत असेल तर नव्या बुटाचा ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, जुन्यापेक्षा बराच कमी आहे का ते बघा. दहा-बारा मिलिमीटरवरून एकदम शून्य ते चारवर आलात तर पोटरीवर भार वाढणारच. नवा जोड आधी छोट्या अंतरासाठी वापरा, जुना लगेच टाकू नका.

नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर शूजची खरेदी बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिककडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं वाढल्यापासून पाळी लांबत किंवा बंद होत असेल तर हेही डॉक्टरांना सांगा. पोटाला पुरेसं न घालता पळणाऱ्या बायकांची हाडं कमकुवत होतात आणि त्यावर कुठल्याही बुटाचा इलाज नाही.

पाऊस आणि झीज

कोकणात, मुंबईत जूनपासून चार महिने शूज ओलेच असतात. म्हणून "वॉटरप्रूफ" घेऊ नका. पाणी वरून, घोट्याकडून शिरतं आणि मग आतच साचतं. जाळीचा बूट भिजतो पण निथळतोही. घरी आल्यावर इनसोल काढा, लेस सैल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा वॉशिंग मशीनमध्ये टाकला तर गोंद सुटतो. परवडत असेल तर पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरा.

साधारण 500 ते 800 किलोमीटर झाले की फोम दमतो. आठवड्याला 20 किलोमीटर पळणाऱ्या बाईला हा जोड सहा ते नऊ महिने पुरेल. रोज बाजारहाटालाही तोच घातलात तर त्याआधीच संपेल. वरून चकाचक असला तरी टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला असेल, मधल्या थरावर आडव्या सुरकुत्या पडल्या असतील, अंगठ्याने दाबल्यावर कडक लागत असेल, तर नवा घ्यायची वेळ झाली. नवा जोड घरी आला की जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहून ठेवा.