घसा दुखतोय? घरगुती उपाय करताना या चुका टाळा

घसा खवखवायला लागला की आपल्याकडे मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, आलं-मध आणि ज्येष्ठमध लगेच सुरू होतात. हे उपाय चांगलेच आहेत. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, साधारण आठवड्याभरात आपली आपण बरी होते, आणि तोवर घशाला आराम देणं एवढंच आपल्या हातात असतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे मात्रा चुकते. दुसरं, आणि जास्त गंभीर, म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तरी आपण काढाच उकळत बसतो.

गुळण्या: मीठ कमी, वेळ जास्त

पेलाभर कोमट पाण्याला पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ पुरतं. मिठामुळे सुजलेल्या भागातलं पाणी ओढलं जातं आणि ठणका कमी होतो. मात्र चमचा भरभरून टाकला तर आधीच सोललेला घसा आणखी कोरडा पडतो आणि झोंबतो. दुसरी चूक घाईची. पाणी नुसतं तोंडात फिरवून थुंकलं तर ते घशापर्यंत जातच नाही. मान मागे करून, 'आऽऽ' आवाज काढत, पंधरा-वीस सेकंद गुळणी घशाशी खळखळली पाहिजे. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना गुळणी करता येत नाही, ती पाणी गिळतात किंवा त्यांना ठसका लागतो, म्हणून आग्रह करू नये.

आयोडीनच्या औषधी गुळण्या साध्या पाण्यापेक्षा भारी असतील असं वाटतं. जपानमध्ये झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र साध्या पाण्याने रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी झालं. आयोडीनने तसा फरक दिसला नाही. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी तर त्या स्वतःच्या मनाने करूच नयेत.

घसा बसलाय की दुखतोय?

गणपतीत आरत्या म्हणून किंवा सामन्यात ओरडून आवाज गेला, तरी लोक गुळण्या आणि मध यांवरच भर देतात. गिळताना स्वरयंत्राची वाट बंद होते, आणि गुळणीचं पाणी आतून येणाऱ्या हवेमुळे वरच राहतं, त्यामुळे स्वरतंतूंना यातलं काहीच लागत नाही. तिथे पोचते ती फक्त श्वासातली हवा आणि वाफ. अशा वेळी खरा उपाय म्हणजे दोन दिवस मौन, भरपूर पाणी, हवं तर हलकी वाफ. सारखं खाकरू नका. कुजबुजत बोलणं हाही आराम नव्हे, बरेच जण कुजबुजताना स्वरयंत्रावर उलट जास्त जोर देतात.

वाफ घेताना उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीजवळ घेऊन डोक्यावरून चादर ओढणं अतिशय धोक्याचं आहे, मुलांच्या बाबतीत तर विशेषच. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून, दार लावून मुलाला जवळ घेऊन बसा. पाण्यात कापूर किंवा बाम टाकू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

गरम म्हणजे किती गरम?

'कडकडीत पी, घसा शेकला जाईल' हा सल्ला सोडून द्या. ओठाला चटका बसतो ते घशालाही भाजतं. 65 अंश सेल्सिअसच्या वरची पेयं नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली नोंदवलं आहे. कोमट पुरतं. आणि थंडाला एवढं घाबरायचंही कारण नाही: बर्फाचा खडा चोखला तर दुखणाऱ्या घशाला बधिरपणा येऊन बरं वाटतं.

काढ्याचंही तसंच. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी यांचा जहाल काढा दिवसातून चार वेळा रिकाम्या पोटी घेतला की पित्त उसळतं, आणि वर आलेलं आम्ल घसाच जाळतं. सकाळी उठल्यावरच घसा दुखत असेल आणि तोंड आंबट असेल, तर रात्रीचं उशिराचं जेवण आधी तपासा.

मध एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचाच नाही, बाळगुटीतूनही नाही आणि बारशाच्या दिवशी सोन्याला लावूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. थोरामोठ्यांचा मान राखूनही इथे ठाम राहायला हवं.

ज्येष्ठमधाची कांडी दोन-चार दिवस चघळायला हरकत नाही. रोजची सवय मात्र नको. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते टाळावं.

सर्वांत महागात पडणारी चूक

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणं. विषाणूंवर त्यांचा उपयोग शून्य. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. पाच ते पंधरा वयाच्या मुलाला ताप आहे, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे ठिपके आहेत, मानेत गाठी दुखतात, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, तर तो स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग असू शकतो. फसगत इथेच होते: हा घसाही चार-पाच दिवसांत आपोआप दुखायचा थांबतो. घरच्यांना वाटतं हळदीच्या दुधाने गुण आला. पण दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात, कधी हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. हा संधिवाताचा ताप भारतात अजूनही मुलांना होतो. संसर्ग सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तर तो टळतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी दिलेला कोर्स, बहुधा दहा दिवसांचा, बरं वाटलं तरी पूर्ण करायचा.

थुंकीही गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वासाला आवाज येत असेल किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो.

तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा विडीची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेऊन दुर्बिणीने तपासून घ्या. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर कळला तर बऱ्याचदा आवाज वाचवून उपचार करता येतात.