हसायचं असेल तर मागच्या दारी जा

पहिलीतलं पोर शाळेतून आलं आणि म्हणालं, ‘मी तिन्हासंगे लगीन करसू’, तर त्याच्यासमोर हसू नका. हसू येणारच. मागच्या दारी जाऊन हसून या.

अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी २९ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. दर वर्षी बसकरपट्टीवर अमकीच्याच शेजारी बसायचं म्हणून रडणारं एखादं निघायचंच. तरी स्वतःच्या पोराच्या वेळी मी चुकले.

धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. डब्यातला शेंगदाण्याचा लाडू अर्धा वर्गातल्या एका मुलीला द्यायचा, आणि ते मला घरी येऊन सांगायचा. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांना सगळे भाऊबंद जमले, तेव्हा मी ते जावांना सांगून टाकलं. झालं! पोरगं अंगणात आलं की त्याचे काका ओरडायचे, ‘नवरदेव उना, नवरदेव उना!’ खीर-पुरणपोळीचं ताट तसंच टाकून तो घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, जाऊन बसला. सोमवारी कानबाई उठली, पाहुणे गेले. पण त्यानं वर्गातली जागा बदलली, आणि पुढं चौथीपर्यंत शाळेतलं काही मला सांगितलं नाही.

नातवाच्या वेळी मी शहाणी झाले होते.

पोर सांगायला लागलं की हातातलं काम सोडू नका. भाकरी थापत राहा. डोळे रोखून पाहिलं की पोरं गप्प होतात. ‘तुला ती आवडते का?’ असं विचारू नका. ‘तुम्ही काय खेळता?’ एवढं पुरे. ‘गर्लफ्रेंड’ हा शब्द आपण त्याच्या तोंडी घालायचा नाही. या वयात लगीन म्हणजे खेळ संपल्यावरही घरी जावं न लागणं, एवढंच. मलाही एकानं मागणी घातली होती, पण त्याला माझी सायकलसुद्धा हवी होती.

आणि ‘कुणाची पोरगी? आडनाव काय?’ हे तर अजिबात नको. आपल्याकडे हा प्रश्न पटकन तोंडात येतो. सहा वर्षांच्या पोराला त्यातून काय शिकवतो आपण?

शिकवायचंच असेल तर हे शिकवा: तिनं हात सोडवून घेतला की आपणही सोडायचा. न विचारता पापा घ्यायचा नाही. मी नातवाबरोबर याचा खेळच केला. मी ‘नको’ म्हटलं की त्यानं थांबायचं, तो ‘नको’ म्हणाला की मी. तो मला दिवसभर ‘नको’ म्हणत होता, अंघोळीलासुद्धा.

तिला घरी बोलवायचं तर आणखी दोन-तीन पोरांबरोबर बोलवा, तिच्या आईला सांगून. हिवाळ्यात भरीत-पुरी केली की पोरांना आणखी काही लागत नाही. दोघांचा फोटो मात्र स्टेटसला ठेवू नका. माझ्या जावांना निदान अंगणात यावं लागलं होतं.

पोर वयाला न शोभणारं काही बोलत-करत असेल, किंवा मोठं कुणी त्याला ‘घरी सांगू नको’ म्हणत असेल, तर ती गोष्ट वेगळी. रागावू नका, नीट ऐकून घ्या, शाळेत बाईंशी बोला. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८ आहे, तो लावा.

जोडी मोडली तर ‘दुसरी मिळेल’ म्हणू नका. मागच्या आठवड्यात आम्ही शेंगा फोडत बसलो होतो.

‘आजी, ती आता दुसऱ्याजवळ बसते.’

मी शेंगा फोडत राहिले. ‘वाईट वाटलं?’

‘हो.’ दोन दाणे तोंडात टाकले. ‘मी खिडकीजवळ बसतो. तिथून भुसावळची गाडी दिसते.’