शेताच्या डोक्यावरचे रान राखूनच यंदाची लावण करा : पश्चिम कोल्हापूरसाठी रोहिणी-मृगाचा सल्ला

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांत भातखाचरांच्या वर, डोंगरउतारावर, अनेक शेतकऱ्यांच्या मालकीचे ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा आणि करवंदीचे थोडेफार रान असते. काजू लावण्यासाठी ते सरसकट साफ केले, तर पहिल्याच जोराच्या पावसात उतारावरची माती खाचरात आणि तिथून ओढ्यात जाते, आणि खाचराला पाणी पुरवणारा झरा पूर्वीपेक्षा लवकर आटतो. गगनबावड्यासारख्या, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या भागात हे नुकसान एका पिढीत भरून येत नाही.

काजू लावायचाच असेल, तर माथा, ओढ्याचा काठ आणि तीव्र उताराचा भाग रानाला सोडून मोकळ्या, सौम्य उतारावर सात ते आठ मीटर अंतराने, समपातळी रेषेवर खड्डे घ्यावेत. साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे मे महिन्यातच उन्हात तापू द्यावेत, मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर कलमे लावावीत, कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे पाहावे आणि प्रत्येक झाडाच्या उताराकडील बाजूस अर्धचंद्राकृती बांध घालावा. काजूचा मोहर कीटकांवर अवलंबून असतो आणि सातेरी मधमाश्या शेजारच्या रानातल्या झाडांच्या ढोलीत राहतात, त्यामुळे जुनी पोकळ झाडे निरुपयोगी समजून तोडू नयेत. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, फणस यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत; १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमात तशी तरतूद आहे.

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी, होणाऱ्या फांद्यांच्या तोडीबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते. तरवा (लावणीसाठीची भाताची रोपे) टाकण्याच्या जागी फांद्या आणि पाला भाजला की तण कमी होते, हे खरे आहे, आणि म्हणूनच ही रीत टिकली. पण दरवर्षी छाटले जाणारे झाड फुलोऱ्यावर येत नाही, बी धरत नाही, आणि रान पुढे वाढत नाही. त्याऐवजी तरव्याची जागा आठवडाभर आधी भिजवून तण उगवू द्यावे, ते वरच्यावर खुरपून काढावे आणि मग चांगले कुजलेले शेणखत मिसळून गादीवाफे करावेत. धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत भात पेरणी, करणाऱ्यांना तर राबाची गरजच पडत नाही. हिरवळीच्या खतासाठी बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावावे. ते चांगले रुजल्यावर दुसऱ्या वर्षापासून सुमारे मीटरभर उंचीवर छाटून कोवळा पाला चिखलणीपूर्वी खाचरात पसरावा, म्हणजे रानातल्या फांद्यांना हात लावावा लागणार नाही. बांध पेटवून साफ करण्याचे मात्र टाळावेच, कारण वाळलेल्या गवतावरची आग वाऱ्याबरोबर वर रानात चढते. जाळरेषेचे, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा राखण्याचे, काम पुढच्या वर्षी गवत पूर्ण वाळण्याआधी, जानेवारीत उरकावे.

विरळ झालेल्या रानात रोपे विकत आणून लावण्यापेक्षा या दिवसांत पिकलेल्या जांभळाच्या आणि फणसाच्या बिया थेट टोकाव्यात. या बियांची उगवणक्षमता वाळल्यावर फार लवकर जाते, म्हणून फळे खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या करवंदीच्या जाळीच्या आडोशाला, सुमारे दोन सेंटिमीटर खोल पुराव्यात. जाळीमुळे गुरांपासून कोवळी रोपे वाचतात. हिरड्याचे बी मात्र कठीण कवचाचे आणि सावकाश उगवणारे असल्याने ते रोपवाटिकेत तयार करून घेतलेले बरे.

रानमोडी आणि घाणेरी ही रान व्यापणारी परकी झुडपे वाढलेल्या जागी जुलैमध्ये, जमीन मऊ असताना, ती मुळासकट उपटावी. रानमोडी फुलण्यापूर्वी उपटली तर तिचा पाला कंपोस्टमध्ये बिनधोक टाकता येतो.